पोस्टकार्ड साइज

लहानपणी स्टोव्ह भडकला, तेव्हापासून ताईचा डावा हात कोपराखाली भाजलेला होता. धुळ्याच्या एका घरून लग्नासाठी फोटो मागवला, तेव्हा आईने जळगावच्या स्टुडिओवाल्याला बजावलं, "हात दिसायला नको." त्याने पोस्टकार्ड साइजच्या दोन प्रती काढल्या. एक छातीखालून कापून लहान केली, दुसरी अख्खीच दिली.

"बघायला आल्यावर हात काय कपाटात ठेवू?" ताई म्हणाली. मला आईचा भयंकर राग आला. आज माझीही मुलगी लग्नाची आहे, त्यामुळे आईला काय वाटत होतं ते कळतं. तेव्हा कळण्याची अक्कल नव्हती.

वडिलांचे काका, भडगावचे आबा, आमच्याकडे आले होते. दोन्ही फोटो आणि पाकीट टेबलावर होतं. 'पोस्टकार्ड साइज' हा स्टुडिओतला शब्द दिवसभर तोंडात बसलेला, म्हणून आई त्यांना म्हणाली, "आबा, तेवढा पोस्टकार्डाचा फोटो टपालात टाका."

आईच्या मनात कापलेला फोटो होता, पण आबांनी नेमका तोच बाजूला सारला. पोस्टकार्डाएवढा होता त्याच्या पाठीवर पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि पेटीत टाकून आले.

"अहो, पाकीट इथंच राहिलं की!" आई किंचाळली.

"पोस्टकार्डले पाकीट कसाले?" आबांनी विचारलं.

आम्हाला हसावं की रडावं कळेना. ताई मात्र दोन दिवस धड जेवली नाही. हात तिला त्या घराला दाखवायचा होता, सगळ्या धुळ्याला नाही. टपालवाल्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत कोण कोण तो उलटून पाहील, हेच ती मोजत बसायची. मी आबांशी बोलणं टाकलं.

उत्तर आलंच नाही. आठवड्याने मुलगा आणि त्याची आई थेट दारात. ताई पाणी घेऊन आली, डावा हात पदराखाली.

मुलाच्या आईने तिला शेजारी बसवलं. म्हणाली, "पोस्टमननी फोटो शेजारी टाका. आमनी गल्लीमा बठ्ठासनी देखी लिधा. हातनं काय झायं, ते बी मले इचारी लिधं."

सगळ्या गल्लीने फोटो पाहिला म्हटल्यावर ताईची मान खाली गेली.

"जे इचारानं व्हतं ते मले इचारी झायं, पोरी. आते तुले कोनी काय इचारनार नही."

ताई तिथंच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडली. डोळे मात्र तिने दोन्ही हातांनी पुसले.