मावशींचा राहिलेला समुद्र

आमचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस शुक्रवार पेठेत. सोलापूरहून मालवणला बस न्यायची, किल्ला दाखवायचा, समुद्र दाखवायचा आणि माणसं परत आणायची, एवढाच धंदा. सीझन संपला की बस धुतो, पण सीटखालची वाळू काही संपत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे, एक झटकला की दुसरा निघतो.

सांगोल्याकडचे बिरूमामा. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. समुद्राला वाहायला ते घरून नारळ घेऊन आले. किनाऱ्यावर ही माडांची रांग! मी म्हटलं, "मामा, नारळाच्या गावाला नारळ कशाला आणलात?"

"त्याचाच उचलून त्यालाच द्यायचा व्हय? पावण्यानं आपल्या घरचं न्यावं की."



मालवणचा किल्ला भर समुद्रात, आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. अक्कलकोटच्या पार्वतीअक्का तिथंच बसून राहिल्या. तटावर चला, समुद्र छान दिसतो म्हटलं, तर ऐकेनात. बाटलीभर पाणी मागून घेतलं आणि मांडीवर धरून घरापर्यंत आणलं.

"अक्का, पिणार का हे?"

"न्हाय ओ. आमच्या हिरीत वतनार. ही समुद्रात ऱ्हाऊन गोड, आन आमची कोरड्या रानात ऱ्हाऊन खारट. जरा वळण लागू दे की तिला."

पुढं फोन झाला तेव्हा मी पहिलं विहिरीचंच विचारलं. "अजून खारटच हाय," अक्का म्हणाल्या, "पन रोज चव घेऊन बघते." मला हसू येईना.

आणि आमच्या शांतामावशी, होटगीच्या. आमच्या लोकांना मालवणातही ज्वारीची भाकरी लागते, म्हणून त्या स्वयंपाकाला प्रत्येक ट्रिपला येतात. पण किनाऱ्यावर कधी गेल्या नाहीत. बायका हात धरून ओढायच्या, तर म्हणायच्या, "ह्यांनी दावतो म्हटलंय, लगीन झालं तवा. ह्यांच्यासंगंच बघनार."

'हे' म्हणजे काका, रेल्वेत गँगमन होते. आधी रजा मिळेना, मग पोरांची शिक्षणं, मग लकवा. तरी मावशींचा हट्ट तोच. मला फार वाईट वाटायचं, कधी कधी रागही यायचा.

एकदा आम्ही होडीकडं निघालो, तर मावशी लॉजच्या स्वयंपाकघरातनं ओरडल्या, "आज होडी सुटायची न्हाय, लाटा लई चढल्यात." भाकरी थापायची जागा खिडकीपाशीच, आणि खिडकीसमोर समुद्र. होडी खरंच सुटली नाही.

यंदा मी काकांनाच बसमध्ये बसवलं. आमचे ड्रायव्हर इक्बालभाई आणि मी, दोघांनी त्यांना खुर्चीसकट वाळूवर नेलं. मावशी मागं खुर्ची धरून, डोळ्यांवर पदर ओढून चालत होत्या. काकांचा उजवा हात उठत नाही. डावा उचलून त्यांनी समोर केला. जीभ जड झालेली, शब्द जुळवायला वेळ लागला.

"शांते... ह्यो बघ... समुद्र."

मावशींनी पदर मागं सारला. खूप वेळ बघत राहिल्या.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "केवढा मोठा असतोय ओ! मला वाटलं, आपल्या होटगीच्या तलावाएवढाच असंल."