उंबऱ्यावरची कुर्ली

चित्रकला सुधारली की घरातलं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ येते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर मी जन्मभर ठिपक्यांची कमळंच काढत बसले असते.

नव्वदच्या आसपास आम्ही परळच्या चाळीतली खोली सोडून मीरा रोडला राहायला आलो. आम्ही म्हणजे हे, मी, सासूबाई आणि माझी नणंद शैला. (निघताना चाळीतल्या बायका माझ्या गळ्यात पडून अशा रडल्या, की मला वाटलं, आपल्याला काळ्या पाण्यावर धाडतायत!) इथे पाणी टँकरने यायचं, दिवे मनाला येईल तेव्हा जायचे आणि मिठागरातले डास संध्याकाळी पाहुण्यांसारखे हक्काने घरात शिरायचे. पण चाळीत कधी मिळाली नाही अशी एक गोष्ट इथे होती. स्वतःचा उंबरा! मजल्यावर दोनच दारं. एक आमचं आणि समोरचं कोकिळाबेनचं.

"मंगल, रोज सकाळी दारात रांगोळी पडली पाहिजे हो," सासूबाईंनी फर्मान काढलं. "रिकामा उंबरा बरा दिसत नाही."

मी स्वस्तिक काढलं, कमळ काढलं, गोपद्मं काढली. मग पुन्हा स्वस्तिक, कमळ, गोपद्मं. पंधरवड्यात मला त्या कमळाचा इतका कंटाळा आला, की एका सकाळी मी सरळ आदल्या दिवशीचा पाण्याचा टँकर काढला. त्या टँकरच्या पाइपवरून सासूबाई आणि तिसऱ्या मजल्यावरची एक बाई यांच्यात घनघोर युद्ध झालं होतं. ते असं वाया जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं.

थोड्या वेळाने कोकिळाबेनने दार उघडलं. रांगोळीकडे बघितलं आणि भक्तिभावाने हात जोडले.

"बहोत अच्छा, भाभी! नंदी है ना?"

टँकरच्या पाइपला तिने शेपूट समजलं होतं. मी "हां, हां" म्हणून दार लावून घेतलं.

पण मला चटकच लागली. आदल्या दिवशी घरात जे घडलं असेल, ते सकाळी उंबऱ्यावर काढायचं. ह्यांच्या ऑफिसातून दरवर्षी एक जाडजूड डायरी यायची आणि दरवर्षी मी तिच्यात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत "आज काही विशेष नाही" असं लिहून ती रद्दीत टाकायचे. रांगोळीचं तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुसूनच जाणार, मग चुकलं तर कुणाच्या बापाचं काय गेलं! म्हणून हात घाबरत नसे. ह्यांची स्कूटर काढली, ती कोकिळाबेनला शेळी वाटली. सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या सैनिकांसारख्या ओळीत उभ्या काढल्या, त्या दूधवाल्याला राम-लक्ष्मण-सीता वाटल्या. मी रोज काढत राहिले.

हात खूप उशिरा सुधारला. आधी नजर सुधारली. हंडे भरताना, भाजी निवडताना मनात यायचं, अरे, हे उद्या काढू या! खरं सांगते, चाळ सुटल्यावर मला फार एकटं वाटायचं. सगळे दिवस एकाच रंगाचे. दोन वर्षं रोज चिमूट-चिमूट रांगोळी सोडता सोडता ते दिवस मला एकेक वेगळे दिसायला लागले आणि मी त्या जागेत रमले.

बिल्डिंगही रमली. वरच्या मजल्यावरचे लोक खाली उतरताना आमच्या दाराशी थांबायचे. "आज क्या हुआ देखें?" आता कुणाला नंदी-बिंदी दिसत नसे. सगळं बरोब्बर कळायचं, आणि तिथेच घोळ होता.

"अगं, काल मी तुझ्यावर ओरडलो ते दूधवाल्याला कसं कळलं?" एकदा हे संतापून म्हणाले. "मला म्हणतो, साहब, गुस्सा कम करो!"

अशात शैलाचं स्थळ आलं.

शैला गुणी मुलगी. स्टेनोची चांगली नोकरी. पण लग्न ठरता ठरता मोडायचं. कधी उंची, कधी रंग, कधी "मीरा रोड फार लांब पडतं हो." तेच पोहे, तीच अबोली साडी. नकार आला की ती एक शब्द बोलायची नाही. साडीची नीट घडी घालून कपाटात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायची. ती घडी घालताना तिच्याकडे बघवायचं नाही. या खेपेला मुलगा ठाण्याचा, सरकारी नोकरीतला, आणि फोटो बघून शैला पहिल्यांदाच लाजली होती. अडचण एवढीच, की घर माळकरी. कांदा-लसूणसुद्धा जपून.

"आमच्याकडे मासळी?" सासूबाई मध्यस्थ बापूकाकांना म्हणाल्या. "अहो, नाव काढत नाही कुणी!"

सासूबाई रत्नागिरीच्या. बांगड्याचं डोकं चोखताना त्यांना हाक मारली तर ऐकू येत नाही! बापूकाकांनीही त्यांच्या हातचं कालवण कित्येकदा ओरपलेलं. तरी दोघांनी गंभीर चेहऱ्याने माना डोलावल्या.

मंडळी रविवारी चारला येणार होती. शनिवारी सकाळी पेणकरपाड्याची मासेवाली पाटी घेऊन दारात.

"चिंबोऱ्या हायत गो आज, जित्त्या! बग, कशा भरल्यान!"

"घेऊन टाक," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "उद्यापासून सोवळं पाळायचंय. आज जिवाची हौस करून घेऊ."

चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, सासूबाईंच्या रत्नागिरीत कुर्ल्या. त्यातल्या एका कुर्लीचा नांग्या बांधलेला दोरा सुटला. ती नांग्या वर करून थेट शैलाच्या अंगावर निघाली. शैला गाऊन सावरत ओट्यावर! सासूबाई सांडशी घेऊन कुर्लीच्या मागे! हे दाराच्या आडून नुसतेच सूचना देतायत, "डावीकडून धर! डावीकडून!" शेवटी सासूबाईंनी ती पकडली आणि सरळ टोपात घातली. दुपारी सगळ्यांनी बोटं चाटत कालवण खाल्लं. थोडं उरलंही.

आता सांगा, हे दृश्य सोडून मी रविवारी सकाळी कमळ काढणार होते का?

"चारला यायचेत ना ते? मी दुपारी पुसून छान कलश काढते," मी सासूबाईंना म्हटलं आणि जीव ओतून चित्र काढलं. ओटा, ओट्यावर शैला, मधोमध कुर्ली, सांडशी उगारलेल्या सासूबाई, दारामागून डोकावणारे हे, आणि शेवटी वाफाळणारा टोप. कुर्लीचा एकेक पाय अस्सा उठून दिसत होता!

अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात बापूकाका, मुलगा आणि त्याचे आईवडील.

"कुणाची तरी मॅटाडोर गाडी घोडबंदरवरून इकडे येत होती," बापूकाका घाम पुसत म्हणाले. "म्हटलं, चला, लवकर तर लवकर."

त्यांचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. चौघेही खाली वाकून उंबऱ्याकडे बघत होते. आत हे बनियनवर होते. "आले!" एवढंच किंचाळून ते उठले, उरलेल्या कालवणाचा टोप उचलला आणि दिसेनासे झाले. सासूबाईंनी उदबत्तीचा आख्खा पुडा पेटवला.

"हा... सूर्यनारायण ना?" मुलाची आई कुर्लीकडे बोट दाखवून आशेने म्हणाली. गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर तिचा हात गेला होता.

"हो, हो! सूर्यच!" मी म्हटलं. "हे सगळे किरण!"

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. कोकिळाबेन रोजच्यासारखी रांगोळी बघायला बाहेर आली. एके काळी माझ्या चित्रांना शेळी आणि नंदी म्हणणारी बाई आज आनंदाने टाळी वाजवून म्हणाली, "वाह भाभी! एकदम असली केकडा! कल इसी के पीछे चिल्लाचिल्ली हुई ना? मैंने बोला, पकड़ा कि नहीं पकड़ा!" मग वाफाळत्या टोपाकडे लक्ष गेलं, तशी नाकाला पदर लावून म्हणाली, "अच्छा. पकड़ा."

पहिल्या वर्षी काढली असती, तर त्या कुर्लीला कुणीही सूर्यच म्हणालं असतं हो!

मंडळी आत येऊन बसली, पण बसण्याच्या बेतात नसल्यासारखी. मुलाची आई खुर्चीच्या कडेला टेकली होती. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सुनेला आपली चित्रांची आवड. काहीबाही मनाचं काढते." शैलाचं हेही मोडणार, आणि या वेळी उंचीने नाही, रंगाने नाही, माझ्या रांगोळीने.

आणि शैला बाहेर आली. अबोली साडीत. पण हातात पोह्यांचा ट्रे नव्हता. हातात तो टोप होता!

"दादा, हा माझ्या साड्यांच्या कपाटात तू ठेवलास?"

ह्यांनी छताकडे बघितलं. सगळ्या खोलीत उदबत्ती आणि कुर्ली यांचा एक नवाच वास दरवळला. शैलाने टोप टीपॉयवर ठेवला आणि थेट मुलाच्या आईकडे बघून बोलायला लागली.

"काकू, ती कुर्लीच आहे. ओट्यावर चढलेली मी आहे. काल दोन नांग्या मीच खाल्ल्या. माझी वहिनी घरात जे घडलं तेच रोज दारात काढते, आणि आम्ही आत बसून तुम्हाला भलतंच सांगतोय. मला मासे आवडतात. तुमच्याकडे चालत नसेल तर तसं सांगा, मी साडीची घडी घालून ठेवते. मला सवय आहे."

मला तिचा इतका अभिमान वाटला, की डोळेच भरून आले.

मग मुलाचे वडील खाकरले.

"आता निघालंच आहे तर... आम्ही मुलाचा स्वतःचा ब्लॉक ताब्यात आहे असं बापूकाकांकडून कळवलं होतं ना? इथल्याच काशीगावाकडचा?"

"अहो!" मुलाची आई.

"ताब्यात नाही. तिथे अजून नुसता बिल्डरचा बोर्ड आहे. बोर्डाखाली म्हशी बसतात."

बापूकाका एकाएकी टीपॉयखाली चप्पल शोधायला लागले. (चपला बाहेर काढलेल्या होत्या!) इतका वेळ गप्प असलेला मुलगा शैलाकडे बघत म्हणाला, "ब्लॉक व्हायला दोन-तीन वर्षं लागतील. थांबाल?"

"म्हशी उठवायला मी येईन की," शैला म्हणाली, आणि तो हसला.

त्याची आई बराच वेळ टोपाकडे बघत होती. शेवटी तिने माळ नीट केली.

"माझ्या घरात हे शिजणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्हा दोघांचा संसार वेगळा होईल, तिथे मी झाकण उघडून बघायला येणार नाही. खरं बोलणारी सून मिळतेय, ती टोपापायी कशाला सोडू? आमच्याकडून होकार."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हे साखर आणायला धावले, अजून बनियनवरच. मी शैलाला घट्ट मिठी मारली. तिच्या साडीला कुर्लीचा खमंग वास येत होता.

निघताना मुलाची आई उंबऱ्याशी पुन्हा थांबली.

"हात फार छान आहे हो तुमचा," ती मला म्हणाली. "सगळं ओळखू येतं. शैला, तुमच्या सासूबाई, दारामागचे तुमचे मिस्टर. फक्त कोपऱ्यात हा मोठा पिंप कशाला काढलाय?"

"पाण्याची टंचाई आहे ना इकडे," मी घाईने म्हटलं.

"पिंप कुठला!" सासूबाई आतून ओरडल्या. आता त्यांनाही खरं बोलायची लागण झाली होती. "ती आमची मंगल आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होकाराचा सगळा प्रसंग काढला आणि या वेळी स्वतःला चांगलं बारीक, शेवग्याच्या शेंगेसारखं काढलं. कोकिळाबेनने दार उघडलं. एकेकाकडे बोट दाखवत सगळ्यांना ओळखलं, अगदी बनियनवरच्या ह्यांनासुद्धा. मग ती कोपऱ्यापाशी अडली.

"भाभी, सब समझ में आया," ती म्हणाली. "पर ये कौन मेहमान आयी थी?"