मायचं वावर काकूंच्या टीव्हीत

मी घर सोडलं त्या सकाळी माय वांगी तोडत होती. आमच्या गावाहून अकोल्याच्या बाजारात भाजी नेणारा मेटॅडोर रस्त्यावर थांबला होता. त्यातल्या पोत्यांवर माझी पेटी ठेवली होती. अकोल्याहून पुढे अमरावतीची एसटी. माय बांधापर्यंत आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "गेली तं तिथलीच होऊन राह्य. एक पाय इथं, एक तिथं, असं नोको करू." एवढं बोलून ती परत वांग्यात शिरली, कारण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि एक पोतं भरायचं बाकी होतं. मला त्यात काही कठोर वाटलं नाही. आमच्याकडे निरोप असाच देतात.

पुण्याला, दुबईला गेलेल्या माझ्या मैत्रिणी हसतील. अकोला ते अमरावती हे काय स्थलांतर? पण वावर सुटलं की सुटलं, मग अंतर कितीही असो. मी सांगितल्याप्रमाणे इथली झाले. बी.एड. केलं, राजापेठेत गणिताचे क्लासेस काढले, लग्न केलं, फ्लॅट घेतला. क्लासमध्ये बोलता बोलता 'मले-तुले'चं 'मला-तुला' झालं. भाजी गाडीवरून घेऊ लागले, घासाघीस न करता. सकाळी बॅच, संध्याकाळी बॅच, मधल्या वेळात स्कूटी आणि बँक. बिल्डिंगमध्ये इतकी वर्षं राहून मला शेजाऱ्यांची नावं धड माहीत नव्हती, आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं.

मग गेल्या वर्षी माय ओल्या बांधावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन अमरावतीला झालं. नंतर तिला माझ्याकडेच ठेवायचं ठरलं, कारण माझा भाऊ गजू आणि वहिनी सुनंदा दिवसभर वावरात असतात. एक पाय तिथं ठेवू नको म्हणणारी बाई आली ती दोन्ही पाय तिकडेच ठेवून. गाडीची काच वर होईपर्यंत ती गजूला फवारणीबद्दल बजावत होती.

फ्लॅटमध्ये तिनं भिंतीकडे तोंड केलं. वॉकर कोपऱ्यात उभा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की आता चालल्या नाहीत तर पुढे कधीच चालणार नाहीत. मी तेच मायला तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. ती म्हणाली, "चालून जाऊ कुठं? या खोलीतून त्या खोलीत?" मी रागावून पाहिलं, लाडीगोडी करून पाहिली, फिजिओथेरपिस्टही बोलावली. बाई गेल्या की माय पुन्हा आडवी.

गजू रोज व्हिडिओ कॉल करायचा. मायची नजर अधू. फोन नाकाशी धरून म्हणायची, "हे हिरवं हिरवं काय हाय वं? गजू हाय का पालक?" म्हटलं, फोनचा पडदा टीव्हीवर घेऊ. क्लासमध्ये मी गणितं तशीच दाखवते, वायर लागत नाही. संध्याकाळी कॉल लागल्यावर फोनमध्ये टीव्हींची यादी उघडली. एकाच नावाचे दोन टीव्ही दिसले. वरचा दाबला. 'जोडले गेले' असं आलं, पण आमचा टीव्ही काळा तो काळाच. मी रिमोट बडवला, टीव्ही बंद करून चालू केला. फोनमधून गजू ओरडत होता, "दिसून राहिलं का वं माय?"

"कायचं दिसते! काया पडदा हाय."

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. एकट्या राहतात, मुलं बाहेर.

"बाई, माह्या टीव्हीत एक माणूस वांगे दाखवून राहिला," त्या म्हणाल्या. "मालिका गेली माही. मधात एक चौकोन आला, मी ओके दाबलं."

मी माफी मागायच्या आत पलंगावरून आवाज आला, "वांगे कशे हायेत?"

"मोठमोठे हायेत. काटेरी."

"कीड गिड?"

"मले काय समजते? तुमीच या पाह्यले."

चुकीच्या टीव्हीची जोडणी काढून आमचा जोडणं एका बोटाचं काम होतं. माझं बोट तिथवर गेलंही होतं. मी फोन तसाच हातात धरून उभी राहिले. माय म्हणाली, "आण वं तो वॉकर."

लिफ्टपर्यंत तिनं दोनदा दम घेतला आणि दोन्ही वेळा मलाच रागावली. काकूंच्या सोफ्यावर बसली आणि समोर भिंतभर आमचं वावर.

"काहून रे, वांगे झाडावर जून करून राहिला?"

"मले नोको म्हणू, सुनंदाले म्हण," गजू म्हणाला. वहिनी पडद्यावर आली. आमच्या घरी पहिला तोडा, म्हणजे पहिल्या तोडणीचा माल, विकत नाहीत. घरातली मोठी बाई तो शेजारीपाजारी आपल्या हातानं वाटते, मगच माल बाजारात जातो. "तुमी वाटल्याबिगर मी अडत्याकडे एक वांगं जाऊ देणार नाई," वहिनी म्हणाली. "कवा येता ते सांगा."

मायनं वॉकर जवळ ओढला. मला वाटलं, आता म्हणणार, उद्याच पोचवा मले. पण तिनं काकूंना विचारलं, "या बिल्डिंगीत बिऱ्हाडं किती हायेत?"

काकू बोटांवर मोजू लागल्या. माय पडद्याकडे वळून म्हणाली, "सुनंदा, तेथची मोठी आता तूच. तू वाट. अन् एक थैला इकडं पाठव."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. गजू म्हणाला, "नेटवर्क गेलं वाटते." नेटवर्क चांगलं होतं.

थैला एसटीनं आला. मायनं तो वॉकरला अडकवला आणि मला मागे राहायला सांगितलं. पुढे काकू, मागे माय. मी जिन्यातून ऐकत होते. ज्या दारांवरून मी वर्षानुवर्षं नुसती ये-जा केली, त्यांच्या कड्या एकेक करून वाजल्या. घर म्हणजे पत्ता, वीजबिल आणि किल्ली, असा माझा हिशेब होता. आपल्या हातानं काही द्यायला आपण कुणाच्या दारात उभं राहू शकतो का, हे मी त्यात कधी धरलंच नव्हतं.

चौथ्या मजल्यावर कुणीतरी थैल्यात डोकावून सरळ विचारलं, "काय भाव देता, आजी?"

माय एवढ्या जोरात बोलली की तळमजल्यावर ऐकू गेलं असेल.

"शेजाऱ्याले कोनी भाव सांगते का वं? पदर कर पुढं."