सागवान, एक नग

राजापेठेत सुताराच्या दुकानावरून जाताना ताज्या कापलेल्या सागाचा वास आला की माझे पाय अडतात. मेळघाटातलं एक गाव उठवून खाली वसवायचं ठरलं होतं आणि घरोघरची चीजवस्तू लिहून घ्यायला मी गेलो होतो. एका कोरकू म्हातारीनं मला घरामागच्या मोहाखाली नेऊन तिथे रोवलेला खांब दाखवला. त्यावर घोडेस्वार कोरला होता, वर चंद्र-सूर्य. "हे माये घरधनी हायेत, साहेब. यायलेबी लिवून घ्या." मेलेल्या माणसाचा असा खांब करतात, हे मला ठाऊक होतं; पण यादीत मेलेल्यांसाठी रकाना नव्हता. मी लिहिलं, 'सागवान, एक नग'. गाव निघालं त्या दिवशी नाक्यावरच्या शिपायानं माझीच यादी वाचली आणि खांब ट्रकमधून उतरवला. जंगलातलं सागवान बाहेर नेता येत नाही. म्हातारी भांडली नाही. खाली उतरून तिनं खांबावरची धूळ पदरानं पुसली आणि माझ्याकडे बोट दाखवून खांबाला म्हणाली, "तुमी बसा इथंच. हे साहेब घेऊन येतीन तुमाले." ती वारली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नाक्यावर बसलेल्या तिच्या घरधन्याला हे कुणी सांगितलं नसेल.