उजव्या वळणाचा दिवा

आमच्या दारात मोटार आली ती स्वतःच्या पायांनी नाही. ट्रकच्या मागे, पुढची दोन चाकं वर उचलून, हट्टी म्हशीसारखी ओढत आणली होती. संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांसमोर ती उतरवली तेव्हा सगळी कॉलनी गॅलरीत येऊन उभी होती. मी नुकतीच शाळेतून शिकवून आले होते, खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"अहो, हे काय?"

"गाडी," हे म्हणाले.

जशी काही मला ती बैलगाडी वाटली असती!

इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार होती ती. लांबलचक नाक, बाजूला पाय ठेवायची फळी, चाकांवर सुट्टे मडगार्ड. डावं मडगार्ड पार चेपलेलं, पुढच्या दोन दिव्यांपैकी एक जागेवरच नव्हता. देहूरोडच्या एका म्हाताऱ्या लष्करी डॉक्टरांच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं कोंबड्यांच्या संगतीत पडून होती. "नीट करणार असशील तर घेऊन जा," असं म्हणून त्यांनी ती ह्यांना देऊन टाकली. गादीत कोंबड्यांची पिसं होती, ती मीच काढली. ती काढताना मी जे जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पण मी त्यांना अडवलं नाही. आदल्या वर्षी कंपनीत प्रेसखाली ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, अंगठ्याजवळची दोन. पिंपरीच्या त्या कारखान्यात हे टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवायच्या खात्यात होते. तिथल्या माणसांचा रुबाब वेगळाच असे, केसाच्या जाडीचा फरक त्यांना बोटाला कळे. अपघातानंतर कंपनीनं ह्यांना स्टोअरमध्ये खुर्ची दिली. टूलरूमचे फोरमन म्हणाले होते, "तुमची जागा आहे, म्हणाल तेव्हा या." हे गेले नाहीत. जाता-येता टूलरूम लागू नये म्हणून मागच्या गेटनं जाऊ लागले, आणि उजवा हात सदैव पँटच्या खिशात. लग्नात, बाजारात, देवळातसुद्धा. मला त्या हाताचं काहीच वाटत नव्हतं. राग यायचा तो त्या खिशाचा.

म्हणून गाडी आली तेव्हा वाटलं, असू दे. निदान हिच्यासाठी तरी हात बाहेर येईल.

तो आला. गाडी काळेवाडीला ह्यांच्या एका मित्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली. हा मित्र चाकणकडच्या शेतकरी घरातला. पत्राकाम करायचा, आणि बोलण्यात कुणाचीही भीड ठेवायचा नाही. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "राव, हातोडा डाव्यानं धरून न्हाई जमायचं. काढा त्यो उजवा बाहेर. हितं कोन बघतंय?" मी चहा घेऊन गेले होते. हे माझ्याकडे पाहून हसले आणि त्यांनी हात बाहेर काढला. त्या शेडमध्ये तो पुन्हा खिशात गेला नाही. शेडबाहेर मात्र पाऊल टाकलं की गेलाच.

त्या दोघांनी गाडीचं जे रूप केलं त्याचं कौतुक मला आजही आवरत नाही. आधी इंजिन उघडून चालू केलं. मग चेपलेलं मडगार्ड उतरवून, मागून हळूहळू ठोकत त्यांनी पुन्हा गोल केलं. हे तीन बोटांत हातोडा धरत. सुरुवातीला तो निसटून पायावर पडे, मग पकड बसली. मूळचा पाणचट चहासारखा रंग खरवडून बाटलीचा गडद हिरवा दिला, आणि पायफळीच्या कडेला पितळेची बारीक पट्टी. दारांवरून मागेपर्यंत एक पांढरी रेघ गेली होती. ती ह्यांनी एका दमात, श्वास रोखून ओढली. रंग वाळल्यावर मी त्यावर हात फिरवला, तर माझ्या बांगड्या त्यात दिसल्या.

पुढचे दिवे भंगारातून, जुन्या ट्रकचे. ह्यांनी त्यांना पितळी कड्या कातून बसवल्या आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे काचेचा वरचा भाग काळा केला. मी म्हटलं, "काजळ छान घातलंत." पण दिवे लावून गाडी दारात आणली तेव्हा शेजारच्या बाई हसू दाबत म्हणाल्या, "गाडी जरा चकणी दिसते, नाही?"

चकणीच दिसत होती. ह्यांचा चेहरा उतरला. टूलरूमचा माणूस! मधल्या रेघेपासून दोन्हीकडे अगदी काटेकोर मोजून त्यांनी दिवे बसवले होते. पुन्हा मोजलं. माप बरोबर होतं, आणि गाडी चकणीच होती. शेवटी गाडीखाली शिरून ते दोन्ही मडगार्ड आतून चाचपत राहिले. बाहेर आले तेव्हा अंग धुळीनं माखलेलं आणि चेहरा उजळलेला.

"अगं, ही हातानं ठोकलेली आहे," ते म्हणाले. "मुळातच. आपण न ठोकलेल्या उजव्यालाही आतून हातोड्याच्या खुणा लागतात. उजवं मडगार्ड बोटभर जास्त फुगलंय. त्या विलायतेतल्या मिस्त्रीचाही हात दोन्ही बाजूंना सारखा चालला नव्हता!"

ह्यांना त्याचा किती आनंद झाला होता! मग मोजपट्टी बाजूला ठेवून त्यांनी मला पुढे उभं केलं. मी म्हणायची, जरा खाली, जरा आत. तसे दिवे बसले आणि गाडीनं सरळ आपल्याकडे पाहिलं.

त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही पुनावळ्याच्या बाजूला फेरी मारून आलो. तेव्हा तिकडे सगळी शेतंच होती. उजवीकडे वळायची वेळ आली तशी ह्यांनी सवयीनं हात बाहेर काढला. त्या काळी वळायचं म्हणजे ड्रायव्हरनं हात काढून दाखवायचा, सगळी वाहतूक त्या हातावर चाले. समोरून बैलगाडी येत होती. ह्यांचा हात अर्ध्यातून परत आत आला. बैलगाडी पुरती निघून जाईपर्यंत आम्ही तिथेच थांबून राहिलो.

पुढचे काही दिवस ते कातकामात बुडाले. मडगार्डांवर बसतील असे सुपारीएवढे चार पितळी दिवे, त्यांना नारिंगी काचा, आणि आत टिकटिक करत उघडझाप करणारी योजना. बटण खाली केलं की त्या बाजूचे दिवे मिचकावायचे. काम इतकं नाजूक की मित्र म्हणाला, "वहिनी, हे तर नथीत घालाय पायजेत." मीही तोंड भरून कौतुक केलं. पण ते दिवे कशासाठी आहेत हे मला कळलं होतं. आता ह्यांना हात बाहेर काढावा लागणार नव्हता. खिसा गेला होता आणि त्याच्या जागी हे दिवे आले होते. त्या रात्रीच्या भाजीत मी मीठ दोनदा घातलं, ते काही विसराळूपणानं नाही.

दसरा आला. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होई, घरची माणसं जात आणि आपापल्या सायकली, स्कूटरी झेंडूच्या माळा घालून रांगेत लावत. अपघातानंतर आम्ही गेलो नव्हतो. मी म्हटलं, "ह्या वर्षी गाडीची पूजा तिथे करू." गाडीसाठी म्हणून हे कबूल झाले. टूलरूममध्ये मात्र जायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. मी हो म्हटलं. गाडी गेटच्या आत तर जाऊ दे, पुढचं पुढे पाहू.

आम्ही हमरस्त्यावरून निघालो आणि नेमकी पहिली शिफ्ट सुटली. कंपनीचं गेट उजव्या हाताला. समोरून सायकलींचा पूर आलेला, सगळा रस्ता व्यापून. ह्यांनी गाडी मधोमध थांबवली आणि बटण दाबलं. टिकटिक, टिकटिक. दिवे काय सुंदर मिचकावत होते! सायकलवाले माना वळवून पाहत, हसत, आणि तसेच पुढे जात. कुणीही थांबेना. मागे एक ट्रक येऊन भोंगा वाजवू लागला. मोटारींना असे दिवे असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण सायकलवाला थांबतो तो हात पाहून. एवढ्या मोजमापाच्या माणसाच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

गर्दीतून एकजण ओरडला, "अवो राव, दिवाळी म्होरं हाय अजून! हात दावा की, हात!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. मांडीवरच्या ताटातला नारळ घट्ट धरून सरळ समोर बघत राहिले. मनात म्हटलं, काढा हो, काढा.

आणि त्यांनी काढला. खांद्यापासून सरळ, पंजा पुरा उघडून, जिथे बोटं नव्हती तिथून पलीकडचं आभाळ दिसेल असा. पहिल्या सायकलीचा ब्रेक कचकन लागला, तिच्या मागची थांबली, मग तिच्या मागची. बघता बघता अख्खी शिफ्ट पाय टेकून उभी राहिली. त्यात टूलरूमचे लोक होते, पूजेला घरची माणसं आणायला निघालेले. एकानं सायकलवरूनच हाक मारली, "मिस्त्री, आत चला, पूजा खोळंबलीय!"

हे वळले. हात आत घ्यायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. गेटमधून आत शिरताना, गाडी सरळ झाल्यावरसुद्धा, तो तसाच बाहेर होता.

गाडीला माळ घालून झाल्यावर मी काही म्हणायच्या आत ते टूलरूमकडे चालू लागले. आपल्या जुन्या लेथला कुंकू त्यांनी त्याच हातानं लावलं. दिवाळीनंतर ते तिथे परत कामाला लागले.

गाडी पुढे बरीच वर्षं आमच्याकडे होती. तिची पितळी पट्टी, तिचे दिवे दर रविवारी चिंचेनं घासले जात. उजव्या बाजूच्या नारिंगी दिव्यांची टिकटिक मात्र कधीतरी बंद पडली. मी दोन-तीनदा आठवण करून दिली. "बघू," म्हणाले. तेवढी एक दुरुस्ती त्यांनी कधीच केली नाही.