जुन्या गाडीची सोयरीक

मोखाड्याच्या स्टँडमागच्या मेकॅनिकला मी नाव कधी विचारलं नाही. वडिलांच्या जुन्या मोटारसायकलला मी नव्या मॉडेलची चाकं बसवायला दिली, पण नवा एक्सल जुन्या भोकात जाईना. कधी भोक, कधी एक्सलवरचं बुशचं कडं कानशीने घासत तो म्हणाला, "सोयरीक आहे, सर. दोन्हीकडून थोडं थोडं घासाया लागतं."

दुसऱ्याच दिवशी जव्हारच्या घाटात मागचं चाक कुरकुरायला लागलं. मी घाबरून परत फिरलो. त्याने डोळे मिटून चाक फिरवलं, नट जरासा पिळला.

"नवी सून कुरकुरणारच. आता नांदेल."

आणि खरंच नांदली. पुढच्या खेपेला मी त्याला चिडवलं, "सगळ्यांच्या सोयरिकी जमवता, मग तुम्ही पन्नाशीत एकटे कसे?"

तो कानशीवरचा कीस फुंकत हसला. "मी घासूनच घेतलं नाही, सर."