खोक्यावर उतरलेली ओळ

मंडळी, चाळीतल्या वाचनालयाच्या फलकावर माझा कागद बघून दचकू नका. दुपारी पाळी सुटल्यापासून जिवाला थारा नाही, म्हणून इथं डकवतोय.

गावाकडं मी गोष्टी लिहायचो. मग एका रात्री बायको झोपेतच गेली. गाव सोडून पिंपरीत कारखान्याला लागलो आणि लिहिणं सुटलं ते सुटलंच. आता दिवसभर मालाच्या लाकडी खोक्यांवर ब्रशनं पत्ते रंगवतो. हात आपोआप चालतो.

आज तसाच चालला, पण पत्ता उमटलाच नाही. खोक्यावर काळ्या रंगात उतरलं होतं, ‘रात्री तिनं चुलीतले निखारे राखेखाली झाकले, सकाळी उपयोगी पडतील म्हणून.’

मुकादम खवळला. "पत्ता कुठाय? खोकं काय चुलीत पाठवायचं? रंधा मार आधी!"

मी रंधा उचलला, तेवढ्यात खोकी वाहणारे चिखलीचे बबनराव वाकले. अडखळत ओळ वाचली आणि माझा हात धरला.

"थांब राव. मग सकाळी काय झालं?"

"अजून लिहिलं नाही."

"मग लिव्ह की! आमी असंच ताटकळत ऱ्हायचं व्हय?"

ओळ रंध्याखाली गेली. काळ्या ढलप्या तेवढ्या खिशात घालून आलोय. मघापासून कागद घेऊन बसतो, उठतो, फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. बबनराव उद्या विचारणार.

तुम्ही पुढं काय लिहिलं असतं? मला एवढंच आठवतं, सकाळी मी राख सारली तेव्हा निखारे जिवंत होते.